त्रिरश्मीच्या पायथ्याचे अंबड

नाशिकच्या इतिहासावर ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांची लेखणी बहुधा गोदावरीच्या काठाकाठाने चालली. रामकुंड, काळाराम, सरकारवाडा, पंचवटीतील मठ आणि आखाडे यांचे वर्णन करता करता ती दमून जाते, आणि नासर्डी ओलांडून नैर्ऋत्येस अंबड, मोरवाडी, कामटवाडे, पाथर्डी या मौज्यांच्या शिवारावर गेल्या अर्धशतकात जी विशाल वस्ती उभी राहिली तिच्यापाशी आली म्हणजे एका ओळीत निरोप घेते. येथे कारखाने आहेत, कामगारांची घरे आहेत, तेव्हा येथे इतिहास कोठून असणार, असा एक समज त्यामागे असतो. हा समज निराधार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावाच्या दक्षिणेस त्रिरश्मीचा डोंगर उभा आहे, त्या गावाच्या आसमंताइतका जुना, तारीखवार आणि लेखी इतिहास नाशिक शहरातील कोणत्याही पेठेला लाभलेला नाही. आणि तो इतिहास देवादिकांचा वा लढायांचा नसून जमिनीचा, जमिनीविषयी निघालेल्या हुकुमांचा आणि त्या जमिनीवर राहून हातांनी काम करणाऱ्या माणसांचा आहे.

येथे जे अंबड अभिप्रेत आहे ते नाशिक तालुक्यातले. जालना जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव निराळे. उत्तरेस नासर्डी, दक्षिणेस वालदेवी, मधून मुंबईहून थळ घाट चढून आग्र्याकडे जाणारा राजरस्ता, आणि त्या रस्त्याला लागूनच एकाएकी उभा राहिलेला, माथ्याशी निमुळता होत गेलेला डोंगर, असा या मुलखाचा थोडक्यात नकाशा आहे. लोक त्या डोंगरातील कोरीव कामास पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत डोंगराचे, म्हणजे त्रिरश्मीचे, नाव ‘तिरण्हु’ असे आहे. बेसाल्टच्या कातळात, उत्तरेकडे तोंड करून, एका ओळीत कोरलेली ही चोवीस लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास आकारास येऊ लागली. लेण्यांच्या ओसरीत उभे राहून समोर पाहिले म्हणजे जो प्रदेश दृष्टीस पडतो तोच आजचा पाथर्डी फाटा, अंबड आणि नवे नाशिक. भिक्षूंच्या वेळी तेथे शेते होती, आणि त्या शेतांचा हिशेब त्यांनी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

क्रमांक तीनचे लेणे सातवाहनांचे. त्याच्या ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड गणमूर्ती कमरेपर्यंत जमिनीत रुतल्यासारख्या कोरलेल्या असून साऱ्या ओसरीच्या तुळया त्यांनी खांद्यावर तोलून धरल्या आहेत. चेहऱ्यावर कष्टाचा ताण आहे, पण तक्रार नाही. वरच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत जे लेख आहेत त्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचा, विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या, म्हणजे या परिसराच्या त्या वेळच्या आहाराच्या (जिल्ह्याच्या), अमात्य विष्णुपालितास पाठविलेला. पश्चिम काखडी गावातील, आजवर उषवदाताकडे (याची हकिकत पुढे येते) असलेले दोनशे निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत तिरण्हु डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंस दिले आहे. त्या शेतात राजपुरुषाने शिरू नये, त्यास हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने हस्तक्षेप करू नये. पुढील काळातील कोणत्याही इनामाची सनद काढून पाहावी. मांडणी हीच, सवलतींची भाषा हीच, आणि मामलेदारास दिलेली ताकीदही हीच.

दुसरा हुकूम मला पहिल्याहून अधिक मोलाचा वाटतो. तो २४ व्या वर्षीचा असून राजाने एकट्याने नव्हे, तर राजमातेसह, अमात्य श्यामकास धाडला आहे. काखडी गावी आम्ही भिक्षूंस शेत दिले होते, परंतु ते शेत कसले जात नाही, आणि ते गावही वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवर आमच्या खास मालकीची जी जमीन आहे तिच्यातून शंभर निवर्तने त्यांस द्यावीत, असा त्याचा आशय आहे. हा हुकूम ज्या लेखणीने उतरविला ती लोटा नावाच्या प्रतिहारीची, म्हणजे एका स्त्रीची. अवघ्या सहा वर्षांत दिलेली जमीन ओसाड पडली, गाव उठून गेले, आणि राज्यकर्त्यास आपल्या दानाची दुरुस्ती करावी लागली. का उठून गेले याचा उच्चार लेखात नाही, परंतु त्या सहा वर्षांच्या पाठीमागे क्षहरात आणि सातवाहन या दोन राजघराण्यांच्या दीर्घ झुंजीचा धुरळा आहे, हे ज्यास त्या काळाची माहिती आहे त्यास सांगावे लागत नाही. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो मोठा साठा सापडला त्यात सुमारे १३,२५० नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजा बदलला म्हणजे नाण्यावर नवा ठसा बसतो आणि शेतावर नवा हुकूम निघतो. मध्यंतरी कुळाने नांगर सोडून पळ काढलेला असतो.

गौतमीपुत्रानंतर त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या वर्षी राजमाता गौतमी बलश्रीने हे लेणे भद्रयानीय भिक्षुसंघास अर्पण केले. पिसाजिपदक नावाचे गाव त्या लेण्याच्या चित्रकामासाठी तोडून देण्यात आले. तीन वर्षांनी पुन्हा अदलाबदल झाली, आणि संघास दिलेल्या सुदर्शन गावाऐवजी गोवर्धन आहारातीलच शाल्मलीपद्र गाव देण्यात आले. दान, ओसाडी, फेरबदल, पुन्हा नवा हुकूम: त्रिरश्मीच्या भोवतालच्या शिवाराचे हे पहिले ज्ञात दप्तर आहे.

दहावे लेणे नहपानाचा जावई, दीनीकाचा पुत्र उषवदात याचे. हा शक पुरुष दानशूर खरा, पण त्याच्या लेखांत दानशूरपणाहून व्यवहारचातुर्य अधिक दिसते. नगराच्या सीमेवर वायव्येस असलेले एक शेत त्याने वाराहीपुत्र अश्वभूती या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण रोख मोजून विकत घेतले आणि लेण्यातील भिक्षूंच्या अन्नासाठी लावून दिले. ते शेत अश्वभूतीच्या वडिलांच्या मालकीचे होते, एवढा तपशील लेखात आहे. म्हणजे आजच्या खरेदीखतात असतो तसा मालकीचा उल्लेखही तेव्हा जरूर समजला जाई. जे बळाने घेता आले असते ते राजाच्या जावयाने दाम देऊन घेतले, याची मी मनापासून कदर करतो.

त्याहून विलक्षण व्यवहार लेखात नोंदलेल्या ४२ व्या वर्षीचा. उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्का व्याजाने कायम ठेवी म्हणून ठेवले. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत अशी योजना. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर सालाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे दोनशे चाळीसच; एक कवडी इकडची तिकडे नाही. हा सारा ठराव निगमसभेत जाहीर वाचून दाखविला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदविला गेला. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने असाच निधी कुंभारांच्या, जलयंत्रे घडविणाऱ्यांच्या आणि तेलघाणे चालविणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवला. तिचा हेतू आजारी भिक्षूंस औषध मिळावे हा.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. डोंगरातील तो विहार राजांच्या औदार्यावर जितका उभा होता तितकाच गोवर्धनातील मागांवर, चाकांवर आणि घाण्यांवर उभा होता. कोष्टी विणीत, त्यातून नफा निघे, नफ्यातून व्याज, व्याजातून भिक्षूचे वस्त्र. राजे आपापसांत लढत असता ज्यांच्या हाती ठेव निर्धास्त सोपवावी अशी कारागिरांची संस्था या परिसरात होती. आणि दाते केवळ श्रेष्ठीच होते असेही नाही. एक लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या कुटुंबासह दिले. एक धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील दात्तामित्री नगरीच्या यवनाने कोरविले. आणि अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी कमानीवर धंभिक गावच्या लोकांनी सामुदायिक देणगीची नोंद केली आहे. गाव एकत्र येऊन वर्गणी काढते, ही गोष्ट येथे दोन सहस्र वर्षांची जुनी आहे.

यानंतरची शतके मी भराभर ओलांडतो. भिक्षू गेले; अकराव्या लेण्यात जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आल्या; लोकांनी लेण्यांस पांडवांचे नाव दिले. मोगलाईत नाशिकचे गुलशनाबाद झाले, पेशवाईत पुन्हा नाशिक झाले. अंबडसारख्या मौज्यांत पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार यांच्या हाती गावगाडा होता. पांढरीत घरे, काळीत शेती, आणि सुगीस सरकारचा सारा. १८१८ साली कंपनी सरकारचा अंमल बसला, पैमाश झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले. १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेण्यांतील लेखांचे वाचन दिले, तेव्हा ज्या अक्षरांखालून गुराखी पिढ्यान्‌पिढ्या जात होते त्यांचा अर्थ सविस्तर छापून आला. मात्र रेल्वे पूर्वेकडून, आजच्या नाशिकरोडवरून गेली, आणि म्हणून छापखाने, बाजार, लष्करी छावणी हे सारे त्या अंगास वाढले; आग्रा रस्त्याचे हे पश्चिमेचे अंग शंभर वर्षे शेतीचेच राहिले.

त्या शांततेचा भंग १९६२ च्या सुमारास झाला. १९६१ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने पाटीलकीची वतने खालसा झाली. कुळकर्णी वतने त्याआधीच, १९५० च्या कायद्याने, गेली होती. म्हणजे गावगाड्याचे जुने मानकरी दप्तरातून बाहेर पडत असतानाच औद्योगिक क्षेत्राचा नवा आराखडा त्याच दप्तरात दाखल होत होता. मुंबईत जागा उरली नव्हती, आणि उद्योग मुंबई-ठाण्याबाहेर न्यावेत असे शासनाचे धोरण होते. नाशिकास रस्ता होता, रेल्वे होती, गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण झाले होते, ओझरला विमानाचा कारखाना उभा राहत होता. प्रथम सातपूरला भूखंड पडले. तेथील जागा अपुरी पडू लागली तेव्हा महामंडळाची नजर अंबडच्या शिवारावर गेली, आणि भूसंपादनाच्या नोटिसा चावडीवर लागल्या.

जमिनी गेल्या, मोबदला मिळाला, पण ज्यांच्या हयातीत शेताचे रूपांतर भूखंडात झाले त्यांस मोबदल्याच्या आकड्याने काय गमावले याची भरपाई झाली असे मी कधी ऐकले नाही. तरीही या बदलाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आले, तसे शेकडो लहान कारखानेही आले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर, एवढ्या भांडवलावर मोठ्या कंपनीचे जॉबवर्क घेणारा मालक बहुधा काल-परवापर्यंत कोठेतरी टर्नर वा फिटर असे. वाहनांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, साचे, रबराच्या वस्तू, रंगकाम अशी नाना कामे त्या शेडमधून होतात, आणि रात्रपाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांभोवती तेलकट हातांची गर्दी होते. या लहानथोर कारखानदारांची स्वतःची संघटना आहे. वीज, पाणी, रस्ते यांची गाऱ्हाणी ती सरकारदरबारी मांडते. गरवारे पॉइंट, एक्स्लो पॉइंट ही कारखान्यांची नावे आता चौकांची नावे होऊन बसली आहेत, आणि रिक्षावाल्यास दुसऱ्या कोणत्याही नावाने तो चौक समजत नाही.

काम आले तेव्हा घरांचा प्रश्न आला. नवी मुंबई वसविण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोकडे नाशिकचीही योजना आली, आणि अंबड, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे या गावांच्या संपादित जमिनींवर ‘नवीन नाशिक’ टप्प्याटप्प्याने उभे राहिले. पहिल्या योजनेपासून सहाव्या योजनेपर्यंत हे टप्पे रहिवाशांच्या बोलण्यात आजही जिवंत आहेत. पत्ता विचारला तर मनुष्य आधी ‘तिसरी स्कीम’ की ‘पाचवी स्कीम’ ते सांगतो, मग चौक. घरे अल्प उत्पन्न गटास परवडावीत अशी रांगेने बांधलेली, एकमजली, भिंतीला भिंत लागलेली. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, मागे मोरी. हप्ते फेडता फेडता लोकांनी वर एक मजला चढविला, मग दुसरा. अंगणात जिना आला. जिन्याखाली शिवणयंत्र किंवा किराणा दुकान आले. घराची जागा मात्र भाडेपट्ट्याचीच राहिली, आणि ती आपल्या पूर्ण मालकीची व्हावी म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे, निवेदने केली. ज्याने हयातभर घाम गाळून घर उभे केले त्याला त्याच्या पायाखालची जमीन आपली म्हणता यावी, ही मागणी मला सर्वथा न्याय्य वाटते. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि भोवतालची खेडी शहराच्या हद्दीत आली. अंबड गावठाणाचे बोळ तेवढे वळणावळणाचे उरले. बाहेर सर्वत्र रेषेने आखलेले रस्ते.

ही वस्ती भरली ती मुख्यतः खानदेश, मराठवाडा, नगर आणि नाशिक जिल्ह्यातीलच दुष्काळी तालुके यांतून आलेल्या माणसांनी. पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही लोक आले. खानदेशी कुटुंबे इतकी की सिडकोच्या गल्लीत अहिराणी ऐकू आली नाही असा दिवस जात नाही. त्यांच्या कानबाईच्या उत्सवाने या वसाहतीस स्वतःचा असा एक सण दिला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंग मांडतात, नारळास देवीचे रूप देऊन नथ घालतात, मंगळसूत्र चढवितात, केळीच्या खांबांनी मखर सजवितात. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात; पुरण, खीर, गंगाफळाची भाजी असते; रोट भाऊबंदांनीच खावयाचे असतात, म्हणून शिरपूर-चोपड्याकडचे भाऊबंद त्या दिवशी सिडकोतील दहा बाय बाराच्या खोलीत पंक्तीस बसतात. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी डोक्यावर चौरंग घेऊन वाजतगाजत विसर्जन. शेती सोडून आलेल्या माणसांनी शिवार आणले नाही, पण शिवारातील देवी आणली, आणि तिच्यापायी ज्या गल्लीस केवळ क्रमांक होता तिला भाऊबंदकी लाभली.

आणि डोंगराकडेही माणसे परतली. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराच्या दारी ज्यांना सत्याग्रह करावा लागला आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे ज्यांनी बाबासाहेब आंबेडकरांसमवेत धम्माचा स्वीकार केला, त्यांच्या मुलानातवंडांपैकी कित्येक जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामास लागले आणि या वसाहतींत राहू लागले. त्यांच्या दृष्टीने तो डोंगर पांडवांचा नव्हे. बुद्धपौर्णिमेस पांढरी वस्त्रे नेसलेली कुटुंबे मुलाबाळांसह पायऱ्या चढतात, आणि ज्या विहारात कित्येक शतके वटवाघळांची वस्ती होती तेथे त्रिशरण पुन्हा म्हटले जाते. नाशिकच्या इतिहासात याहून मोठी घटना मला दिसत नाही. पायथ्याशी महानगरपालिकेने बुद्धस्मारक उभारले आहे, आणि त्याला लागूनच दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला सारा संसार नाशकास हलविला, पुढील चित्रपट येथे काढले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच देह ठेवला. रविवारी सिडको-अंबडची मुले त्या बागेत खेळावयास जातात. त्यांच्या आईबापांस एवढ्याजवळ दुसरी मोकळी जागा फारशी नाही.

आता एक काम राहिले आहे. कोणाचे शेत कोणाकडून किती मोलाने घेतले, कोणत्या कारणासाठी दिले, लेख कोणी लिहिला, हे सातवाहनांनी आणि क्षहरातांनी भिंतीवर कोरले म्हणून अश्वभूती आणि लोटा आज आपल्यास ठाऊक आहेत. अंबड, मोरवाडी, कामटवाडे, पाथर्डी येथील जी शेते कारखान्यांखाली आणि घरांखाली गेली त्यांच्या धन्यांची नावे केवळ तलाठ्याच्या फेरफार नोंदवह्यांत आणि संपादनाच्या निवाड्यांत आहेत. ते कागद जीर्ण होत चालले आहेत. शेतांची, ओढ्यांची, विहिरींची जुनी नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आता वृद्ध आहेत. एखाद्या महाविद्यालयाने वा ग्रंथालयाने पुढाकार घेऊन या नोंदींच्या नकला करून घ्याव्यात, गावठाणातील म्हाताऱ्या माणसांस बसवून जुन्या सर्व्हे नंबरांचा नकाशा त्यांच्या सांगण्यावरून भरून घ्यावा, आणि कोणत्या शेतावर आज कोणता कारखाना आणि कोणती स्कीम उभी आहे ते त्यावर मांडावे. त्या नकाशाची एक प्रत पायथ्याच्या स्मारकात लावण्यास महानगरपालिकेची हरकत असण्याचे कारण नाही.